डिजिटल कुलूप आठ महिने वापरून: खोक्यावर नुसतं ‘आरएफआयडी’ लिहून भागत नाही

कुलूप चांगलं आहे, हे आधीच सांगून टाकतो. ठसा झटकन लागतो, बॅटरीची कुरकुर नाही. डोकं फिरलंय ते दार उघडायच्या कार्डांवरून. ही आरएफआयडी कार्डं, म्हणजे आतला नंबर रेडिओलहरींनी वाचला जातो अशी.

कामाच्या मावशींचे ठसे भांडी घासून पुसट झालेत, मशीन घेतच नाही. म्हणून त्यांना कार्ड दिलं होतं, ते हरवलं. विक्रेता म्हणतो, ‘ओरिजिनल’ साडेतीनशेला एक. एवढ्याशा प्लॅस्टिकला! बाहेरचं चालेल का विचारलं, तर कस्टमर केअर म्हणे, “आरएफआयडी असलं की झालं सर.” ऑनलाइन कार्डांचं पाकीट मागवलं. कुलूप ढिम्म.

अहो, गाडीच्या काचेवरचा फास्टॅगही आरएफआयडीच. तो 865 ते 867 मेगाहर्ट्झवर चालतो, काही मीटरवरून वाचला जातो. बँकेचं टॅप करायचं कार्ड 13.56 मेगाहर्ट्झचं. हजेरीची स्वस्तातली कार्डं बहुधा 125 किलोहर्ट्झची. एकाचा रीडर दुसऱ्याला हुंगतही नाही. माहितीपत्रकात यातला एकही आकडा नाही, ‘प्रगत आरएफआयडी तंत्रज्ञान’ मात्र ठळक अक्षरात.

शेवटी पुण्याची तापकीर गल्ली गाठली. दुकानदाराने पहिलाच प्रश्न टाकला, “ईएम पाहिजे की मायफेअर?” (ईएम म्हणजे 125 किलोहर्ट्झचं कार्ड, मायफेअर 13.56 मेगाहर्ट्झचं.) कुलपासोबतचं कार्ड त्याने मोबाइलच्या पाठीला टेकवलं. फोन गप्प. फोनचं एनएफसी, म्हणजे टेकवून वाचायची सोय, 13.56 वरच चालतं, म्हणजे हे 125 वालं ईएम. मग टॉर्चवर धरून दाखवलं: आत केसाएवढ्या तांब्याच्या तारेचं गोल वेटोळं, फेरेच फेरे. मी मागवलेल्यात कडेकडेने चौकोनी, मोजकेच फेरे. ईएम कार्ड वीस रुपयांना मिळालं आणि दारावर पहिल्या झटक्यात वाजलं. तिथेच चार तारे देणार होतो.

पण पैसे देताना तो सहज म्हणाला होता, “नवीन कशाला, याचीच कॉपी मारून देऊ?” ते डोक्यातून जाईना. ईएम कार्डात कसलंही एन्क्रिप्शन, म्हणजे माहिती सांकेतिक करून लपवणं, नसतं. 40 बिटांचा नंबर असतो, रीडर समोर आला की कुणालाही सांगून टाकतं. वर त्यातले 32 बिट बहुधा दहा आकड्यांत कार्डावरच छापलेले असतात! हजारोंच्या कुलपात हे? तारे तीनच.

13.56 वालं म्हणजे आपोआप भक्कम, असंही समजू नका. त्यातल्या मायफेअर क्लासिक कार्डाचं ‘क्रिप्टो-1’ हे एन्क्रिप्शन 2008 सालीच फोडलं गेलं. शिवाय कित्येक कुलपं फक्त कार्डाचा नंबर बघतात, बाकी काही तपासत नाहीत. कुलूप ‘डेसफायर’ जातीचं कार्ड ‘एईएस’ या भक्कम एन्क्रिप्शनने तपासत असेल तर जास्तीचे पैसे मोजा, आणि ते लेखी मागा.

आता मावशींना सकाळपुरताच चालणारा पिन दिलाय, वीस रुपयांचं कार्ड ड्रॉवरमध्ये. आणखी एक: हरवलेलं कार्ड यादीतून काढायला त्याचा नोंदणी क्रमांक लागतो. तो कार्ड जोडतानाच स्क्रीनवर दिसतो, तेव्हाच लिहून ठेवा. नाहीतर सगळी कार्डं पुसून पुन्हा जोडत बसा.