मनगटावर शुगर दाखवणारं घड्याळ घेऊ नका, माझे 7,498 रुपये गेले

आईला अठरा वर्षांपासून मधुमेह आहे, इन्सुलिन चालू आहे. दिवसातून चार वेळा बोट टोचून तिच्या बोटांची टोकं काळी पडलीत. वाती वळतानासुद्धा दुखतं म्हणते. दंडावर लावायचा सेन्सर डॉक्टरांनी सुचवला होता, पण तो दर 14 दिवसांनी बदलायचा आणि प्रत्येक वेळी साडेचार-पाच हजार! माझ्या पगारात ते बसत नाही. म्हणून ‘सुई नाही, रक्त नाही’ ही जाहिरात दिसली तेव्हा मी घड्याळ मागवलं. घड्याळाचे 5,999 आणि नंतर फोनवरच्या माणसाने ‘कॅलिब्रेशन’च्या, म्हणजे आकडे जुळवून देण्याच्या, नावाखाली घेतलेले 1,499. मी हावरटपणा केला नाही, आईचं दुखणं कमी व्हावं एवढंच डोक्यात होतं.

कळायला हवं होतं ते पहिल्याच दिवशी. ॲपने आधी वय, वजन विचारलं, ग्लुकोमीटरचा शेवटचा आकडा भरायला लावला. आणि प्रत्येक वेळी आकडा दाखवायच्या आधी प्रश्न: ‘जेवण झालं का?’ हो म्हटलं की 128, नाही म्हटलं की 109. अहो, जे यंत्र रक्तातली साखर मोजतं त्याला जेवण झालं का हे विचारायची गरज काय? मी ते बटण रोज दाबत होतो. पुरणपोळीच्या जेवणानंतर 121 आला तर मी आईला म्हटलं, “बघ, सोसली तुला!” हे वाक्य आठवलं की अजून अंगावर काटा येतो.

अकराव्या रात्री आई जेमतेम अर्धी भाकरी जेवली. घड्याळात 126, म्हणून इन्सुलिन नेहमीएवढंच दिलं. तीन वाजता ती घामाने भिजलेली, हात थरथरतायत, शब्द जड. घड्याळात 116. कपाटातून ग्लुकोमीटर काढला: 51, म्हणजे साखर धोकादायक इतकी खाली. साखरेचं पाणी पाजलं, पंधरा मिनिटांनी पुन्हा टोचलं, तेव्हा कुठे 74. सकाळी तेच घड्याळ गुंडाळलेल्या टॉवेलला बांधलं. टॉवेलची शुगर 109!

घड्याळाखालचा हिरवा दिवा नाडीचे ठोके मोजतो, साखर नाही. दंडावरच्या सेन्सरची बारीक तार त्वचेखाली राहते, पेशींभोवतीच्या द्रवातली साखर खरोखर मोजते. अमेरिकेत औषधं आणि वैद्यकीय उपकरणं मंजूर करणाऱ्या एफडीए या सरकारी संस्थेने 21 फेब्रुवारी 2024 लाच बजावलं होतं की त्वचा न टोचता शुगर दाखवणारं एकही घड्याळ किंवा अंगठी त्यांनी मंजूर केलेली नाही. हे मी नंतर वाचलं.

पोलीस ठाण्यात म्हणाले, “वस्तू मिळाली ना? मग फसवणूक कसली?” सरकारी कचेरीत तीन टेबलं फिरवली. पहिला म्हणे हे वैद्यकीय उपकरणच नाही, दुसरा म्हणे मग आमच्याकडे कशाला आलात, तिसरा जेवायला गेलेला. अर्धा दिवस रजा टाकून मी बाकावर बसलो, साधी पोचसुद्धा दिली नाही! माणूस मेल्यावर पोच देणार का? विक्रेत्याचं उत्तर एका ओळीचं: ‘हे केवळ फिटनेससाठी आहे.’ खोक्याच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत तेच छापलंय. पैसे देण्याआधी खोक्याचा तळ वाचा.

कुणी घेतलंच असेल तर त्या आकड्यावर इन्सुलिनचा एक युनिटही बदलू नका. ऑनलाइन पैसे गेले असतील तर 1930 वर लगेच फोन करा, विक्रेत्याविरुद्ध तक्रारीला 1915. जाहिरातीचे स्क्रीनशॉट आधी काढा, माझी जाहिरात दुसऱ्याच आठवड्यात गायब झाली. बिल, खोकं आणि घड्याळ मी पिशवीत बांधून ठेवलंय, सोमवारी ग्राहक आयोगात तक्रार देणार आहे. आई पुन्हा बोट टोचतेय, आता कडेला, टोकाला नाही.