मेहरूणच्या काठावर ८×४२ दुर्बीण

फाल्गुन लागला की जळगावच्या मेहरूण तलावावर पक्षी पाहण्याचा हंगाम आटोपत येतो, आणि नेमके याच दिवसांत पाहण्यासारखे सर्वाधिक असते. थापट्या आणि तलवार बदकांची उत्तरेकडे परतण्याची वेळ झालेली असते, तर पिवळ्या डोक्याच्या धोबी पक्ष्याचे हिवाळ्यातले फिकट रूप जाऊन नराचे डोके हळदीसारखे पिवळे होऊ लागते. मानेमागचा काळा पट्टा दिसला की ओळखीबद्दल शंकाच राहत नाही. हा पट्टा काठावरून स्पष्ट दिसावा, एवढ्या अपेक्षेने मी पोरो बनावटीची (पुढची भिंगे डोळ्यांजवळच्या भिंगांपेक्षा एकमेकांपासून दूर असलेली), मध्यम किमतीची ८×४२ दुर्बीण, म्हणजे आठपट मोठे दाखवणारी आणि पुढच्या भिंगाचा व्यास ४२ मिलिमीटर असलेली, घेतली आणि ती अपेक्षा पूर्ण झाली.

दुकानात अनेकजण दहापट मोठे दाखवणारी दुर्बीण मागतात. मेहरूणसाठी मी ती सुचवणार नाही. ४२ मिलिमीटर व्यासाला ८ ने भागले की डोळ्यात येणारा प्रकाशझोत सव्वापाच मिलिमीटरचा मिळतो, १०×४२ मध्ये तो ४.२ मिलिमीटरच राहतो. त्यामुळे उजाडताना, बदके काठाजवळ असतात त्या वेळी, आठपटीतले चित्र अधिक उजळ दिसते. दुसरे कारण खानदेशच्या उन्हाचे आहे. मार्चमध्ये ऊन चढले की पाण्यावरची हवा थरथरू लागते आणि मोठेपणा जितका जास्त तितकी ती थरथरही मोठी दिसते. हाताचा कंपही तसाच वाढतो.

या दुर्बिणीचा खरा गुण तिचे रुंद दृश्यक्षेत्र हा आहे. ते ८ अंशांचे आहे, म्हणजे हजार मीटरवर सुमारे १४० मीटर रुंदीचा पट्टा एकाच वेळी दिसतो. दादर, म्हणजे रब्बी ज्वारी, काढणीला आली की शेतकऱ्याला नको असलेले भोरड्यांचे थवे फुललेल्या सावरीवर उतरतात, तेव्हा हे क्षेत्र किती कामाचे आहे ते कळते: सगळा थवा चौकटीत राहतो आणि त्यातला गुलाबी अंगाचा, काळ्या डोक्याचा प्रौढ पक्षी मातकट तरुण पक्ष्यांपासून वेगळा काढता येतो.

उणिवा दोन आहेत आणि त्या खरेदीपूर्वीच तपासाव्यात. पाच मीटरपेक्षा जवळचे तिला स्पष्ट दिसत नाही, त्यामुळे काळपट जांभळा रंग चढत असलेला शिंजीर अगदी पुढच्या झुडपावर आला की मागे सरकावे लागते. डोळा नेत्रभिंगापासून फक्त १२ मिलिमीटरवर ठेवावा लागत असल्याने चष्मा लावणाऱ्याला कडेचे दृश्य कापले जाते. अशा वाचकांनी हा आकडा १५ किंवा त्याहून अधिक असलेली दुर्बीण थोडे जास्त पैसे देऊनही घ्यावी. पाऊण किलोचे वजन मात्र पट्टा रुंद असेल तर फारसे जाणवत नाही.

ही बनावट जलरोधक नाही, आणि आपल्याकडची धूळ पाहता भिंगांना झाकण लावूनच ठेवावे. भिंग पुसताना आधी रबरी फुग्याने धूळ उडवावी, मगच मऊ कापड लावावे. कोरड्या धुळीवरून कापड फिरवले तर वरच्या लेपावर ओरखडे पडतात आणि ते दुरुस्त होत नाहीत.