सर्व्हिसिंगच्या काळात मिळालेली कर्टसी कार: ठाण्यात ४७ दिवस वापरल्यानंतर

आपली गाडी सर्व्हिसिंगला असताना शोरूम तात्पुरती वापरायला देतं ती कर्टसी कार. मला ती आठ महिन्यांत तीन वेळा मिळून ४७ दिवस मिळाली. निम्मं अंतर घोडबंदर रोडवर, बाकीचं ठाणे-बेलापूर रस्त्यावर. गाडी मर्सिडीज ई-क्लास, डिझेल, लांब व्हीलबेसची. मागच्या सीटचा आराम खराच आहे, त्यावर वेगळं लिहायला नको. पण ही गाडी ना आपल्या हाताच्या सवयीची असते, ना आपल्या पॉलिसीची. खर्च होतो तो या दोन गोष्टींमुळेच.

आधी हाताची सवय. मारुती, ह्युंदाई किंवा होंडा चालवणाऱ्याचा इंडिकेटर स्टिअरिंगमागच्या उजव्या दांड्यावर असतो. मर्सिडीजमध्ये उजवा दांडा गिअरचा. इंडिकेटर आणि वायपर दोन्ही डाव्या दांड्यावर. मुंबईकडून येऊन माजिवड्याला घोडबंदरकडे डावीकडे वळताना बोटं सवयीने उजवा दांडा वर ढकलतात. गाडी न्यूट्रलमध्ये जाते, ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन नुसतं ओरडतं आणि मागचा टेम्पो हॉर्न मारत अंगावर येतो. उजवीकडे वळताना उलटं होतं. दांडा खाली दाबला तरी गाडी आधीच डी मध्ये, म्हणजे पुढे जायच्या गिअरमध्ये असते, त्यामुळे काहीच जाणवत नाही आणि इंडिकेटर लागलेलाच नसतो. हे जास्त धोक्याचं, कारण चूक झाल्याचं कळतच नाही. न्यूट्रल पडलंच तर पाय ब्रेकवर ठेवा, दांडा पूर्ण खाली दाबा आणि डिस्प्लेवर डी दिसल्यावरच ब्रेक सोडा. गाडी पार्क करायला दांड्याच्या टोकाचं बटण. बाहेर पडण्याआधी शोरूमच्या आवारात दहा वेळा डावा-उजवा इंडिकेटर देऊन बघा. सवय बसायला साधारण दोन दिवस लागतात, आणि आपली गाडी परत मिळाल्यावर एक दिवस पुन्हा उलटी चूक होते.

ताब्यात घेताना वीस मिनिटं मागून घ्या, तीही दिवसाउजेडी. ट्यूबलाइटखाली ओरखडे दिसत नाहीत. धूळ पुसायला लावा आणि गाडीभोवती फिरत एकच सलग व्हिडिओ काढा. चारही अलॉय चाकांच्या कडेवरून बोट फिरवा. फुटपाथला घासलेली कड डोळ्याआधी बोटाला कळते. मोबाइल पुढच्या बंपरखाली धरून खालची कडही टिपा, स्पीडब्रेकरला घासते ती तीच. ओडोमीटर, डिझेलचा काटा आणि ॲडब्लूची (डिझेलचा धूर स्वच्छ करणारा, वेगळ्या टाकीत भरायचा द्रव) पातळी यांचे फोटो हवेतच. ॲडब्लू संपत आलं की गाडी उरलेले किलोमीटर दाखवायला लागते, आणि ते शून्यावर गेल्यावर बंद केलेलं इंजिन पुन्हा सुरू होत नाही. त्याचं निळं झाकण डिझेलच्या झाकणाशेजारीच असतं, म्हणून पंपावर उतरून उभं राहा. डिझेलच्या टाकीत ॲडब्लू गेलं तर इंजिन सुरू करू नका, गाडी टोचन करूनच न्यावी लागते.

आता विमा. गाडी विमा उतरवलेली आहे एवढं सांगून सर्व्हिस ॲडव्हायझर सही मागतो. तेवढ्यावर सही करू नका, पॉलिसीची प्रत मागा. १५०० सीसीच्या वरच्या गाडीला सक्तीची वजावट, म्हणजे क्लेममधून विमा कंपनी देत नाही ती रक्कम, २,००० रुपये. शोरूमशी केलेल्या करारानुसार ती बहुधा आपल्याच माथी येते. खरी रक्कम पुढे आहे. झिरो डेप (घसारा न कापता पैसे देणारं जादा कव्हर) नसेल तर प्लॅस्टिक आणि रबराच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो, आणि या गाडीचा पुढचा बंपर म्हणजे प्लॅस्टिकच. नुसता टायर फुटला तर साधी पॉलिसी काहीच देत नाही. त्याच वेळी गाडीचंही नुकसान झालं असेल तरच टायरचे निम्मे पैसे मिळतात. गायमुख घाटातल्या एका खड्ड्यात लो-प्रोफाइल, म्हणजे बाजूची भिंत कमी उंचीची असलेल्या टायरला बाजूने फुगा येऊ शकतो, म्हणून हा मुद्दा पावसाळ्यात कळीचा. इंजिन प्रोटेक्ट, म्हणजे इंजिनाच्या नुकसानीचं जादा कव्हर आहे का, हेही विचारा. वंदना डेपोजवळ साचलेल्या पाण्यात इंजिन बंद पडलं आणि पुन्हा स्टार्ट मारला, तर सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. असं नुकसान साध्या पॉलिसीत बसत नाही. चाक अर्धं बुडेल इतकं पाणी दिसलं की गाडी मागेच थांबवावी. घरातलं दुसरं कोणी चालवणार असेल तर त्याचंही नाव करारात लिहून घ्या.

पार्किंगचा विचार गाडी निवडण्याआधीच करा. ही गाडी पाच मीटरहून लांब आणि वजनाला दोन टनांच्या आसपास. पाचपाखाडी, नौपाड्यातल्या नव्या इमारतींत स्टॅक पार्किंग (एकावर एक गाड्या ठेवणारं यंत्र) असेल, तर पॅलेटच्या, म्हणजे गाडी उभी करायच्या फळीच्या पाटीवरची कमाल लांबी आणि वजन आधी वाचा. बसत नसेल तर लहान गाडी मागा. मोठी देतायत म्हणून घेऊन ती रात्रभर रस्त्यावर उभी करण्यात अर्थ नाही.

टोलचं सोपं आहे. ऐरोली, वाशी, मुलुंड इथे छोट्या गाड्यांना ऑक्टोबर २०२४ पासून टोल नाही. अटल सेतू किंवा एक्स्प्रेसवेला जाणार असाल तर गाडीच्या फास्टॅगमध्ये शिल्लक किती आणि कापलेल्या टोलचे पैसे शोरूमला कसे द्यायचे, हे आधी ठरवा. आपला फास्टॅग काढून कर्टसी कारच्या काचेवर लावू नका, तो आपल्याच गाडीच्या नंबरला बांधलेला असतो.

परत देताना तसाच सलग व्हिडिओ पुन्हा काढा आणि जॉब कार्डवर (सर्व्हिस सेंटरच्या कामाच्या कागदावर) "नुकसान नाही" असं लिहून घ्या. गाडीच्या स्क्रीनवरून आपला फोन काढून टाका. फक्त ब्लूटूथ बंद केल्याने कॉन्टॅक्ट, घराचा पत्ता आणि नेव्हिगेशनमधली ठिकाणं गाडीतून जात नाहीत. ई-चलान गाडीमालकाच्या नावावर उशिरा पडतं, म्हणून करारावर घेतल्याची आणि दिल्याची तारीख-वेळ दोन्ही लिहिलेली असू द्या, आणि दोन-तीन आठवड्यांनी त्या नंबरावर चलान आहे का ते विचारून घ्या.