बडोद्यातला काउन्सेलर की पुण्याचा ऑनलाइन? ठरवताय त्यांच्यासाठी

दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या आपल्या मंडळींना हा प्रश्न पडतोच, की इथेच कोणाकडे जायचं की पुण्या-मुंबईचं मराठी बोलणारं कोणी ऑनलाइन धरायचं.

आधी एक काम दोन्हीकडे सारखंच आहे, डिग्री बघणं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवत असतील तर एमएनंतर एमफिल वगैरे आणि आरसीआयचं (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया, सरकारी नोंदणी संस्था) रजिस्ट्रेशन पाहिजे, नंबर मागायचा आणि आरसीआयच्या साइटवर टाकून बघायचा, आणि मागितल्यावर कोणी चिडलं तर सरळ चपला घालून निघायचं. काउन्सेलरचं एवढं सोपं नाही, तिथे एमए कुठून केलं आणि कोणाच्या हाताखाली शिकले ते विचारावंच लागतं. भिंतीवरच्या फ्रेम्स जवळ जाऊन वाचा हो, कधीकधी निम्म्या वीकेंड वर्कशॉपच्या असतात! गोळ्या मात्र सायकियाट्रिस्ट, म्हणजे मनोविकारांचे डॉक्टर लिहून देणार, हे दोघं नाही.

आता भाषा. इथले बहुतेक जण गुजराती-हिंदीत बोलणार, आपल्याला दोन्ही येतात, पण सासूबाईंबद्दल बोलताना रडू आलं की तोंडातून मराठीच निघते. इथे ऑनलाइनवाला जिंकतो. शिवाय वेटिंग रूममधे मावशीची शेजारीण भेटायची भीती नाही.

पण बोलणार कुठे बसून? घरात दोन खोल्या, कुकरच्या शिट्ट्या, बाबांचा टीव्ही, आणि दाराबाहेर आईच्या बांगड्यांचा आवाज आला की आपण आपोआप "हो, बरं आहे" म्हणायला लागतो. काही जण कमाटी बागेत बाकावर बसून सेशन करतात म्हणे, पण तिथेही ओळखीचं कोणीतरी फिरायला येतंच की. बंद दाराची हक्काची खोली नसेल तर मी इथलाच माणूस बघीन, थोडं गुजराती चालवून घेईन. लहान मुलांसाठी आणि आजी-आजोबांसाठीही समोरासमोरच, स्क्रीनसमोर ते पाच मिनिटं बसत नाहीत.

पैशाची अडचण असेल तर सयाजी हॉस्पिटलचा मानसोपचार विभाग किंवा कारेलीबागचं सरकारी मेंटल हॉस्पिटल. नाव ऐकून नातेवाईक नाकं मुरडतील, मुरडू देत.

आणि जीव द्यायचे विचार येत असतील तर ही तुलना वगैरे करत बसू नका, आत्ताच कोणाला तरी जवळ बोलवा आणि 14416 लावा, टेली-मानस नावाची सरकारी हेल्पलाइन आहे, फुकट आहे, रात्रीही चालू असतं, मराठीतही बोलता येतं.