इचिरोचा खेळ समजलेले वाशीतील एक दुकान

वाशीच्या सेक्टर १७ मध्ये खेळाच्या साहित्याचे एक छोटे दुकान आहे. क्रिकेटच्या बॅटी आणि पॅडच्या गर्दीमागे एका भिंतीवर तिथे बेसबॉल व सॉफ्टबॉलचे ग्लव्ह टांगलेले असतात. माल बेताचाच आहे, तरीही नवी मुंबईत ज्यांची मुले हा खेळ मनापासून खेळतात त्यांनी तिथे अवश्य जावे, कारण मालक ग्लव्ह काढण्यापूर्वी समोरच्या मुलाचा खेळ पाहतात.

माझी मुलगी डावीकडून बॅटिंग करते आणि चेंडू उजव्या हाताने फेकते. ग्लव्ह मात्र ज्या हाताने फेकत नाही त्या हातात घालतात. डावखुरी म्हटले की उजव्या हातात घालायचा ग्लव्ह पुढे करणारे विक्रेते पुष्कळ भेटतात, इथे मात्र मालकांनी तिला आधी चेंडू फेकायला लावला आणि म्हणाले, "बाळा, तू इचिरोसारखी आहेस, तुझा ग्लव्ह डाव्या हातातच."

हे उदाहरण नेमके होते. जपानी बेसबॉलपटू इचिरो सुझुकी मूळचा उजव्या हाताचा, पण त्याला लहानपणापासून डावीकडून बॅटिंगची सवय लावली गेली, कारण त्या बाजूने पहिला बेस, म्हणजे फटका मारल्यावर धावत गाठायचा पहिला टप्पा, एक-दोन पावले जवळ पडतो. त्याचा वेग आणि ती वाचलेली पावले यांच्या जोरावर साधे घरंगळते फटकेही हिट, म्हणजे बेसवर सुखरूप पोहोचवणारे फटके, ठरले. जपानमधील ओरिक्स ब्ल्यूवेव्ह संघाकडून १९९४ मध्ये त्याने १३० सामन्यांत २१० हिट मिळवल्या आणि तेव्हापासून सलग ७ हंगाम तिथल्या पॅसिफिक लीगमध्ये बॅटिंगच्या सरासरीत तोच पहिला राहिला. २००१ मध्ये अमेरिकेतील सिअ‍ॅटल मरिनर्सकडे गेल्यावर पहिल्याच हंगामात त्याने २४२ हिट मिळवल्या, ५६ बेस चोरले (म्हणजे फटक्याची वाट न पाहता धावून पुढचा बेस गाठला) आणि सर्वोत्तम नवोदित व सर्वात मौल्यवान खेळाडू हे अमेरिकन लीगचे दोन्ही मान एकाच वर्षी पटकावले. २००४ मध्ये २६२ हिट मिळवून त्याने जॉर्ज सिसलरचा १९२० पासूनचा एका हंगामातील २५७ हिटचा विक्रम मोडला. होमरनची, म्हणजे मैदानाबाहेर जाणाऱ्या फटक्यांची, चलती असलेल्या त्या काळात हे घडले, याचे मला आजही अप्रूप वाटते.

मुलगी इचिरोप्रमाणेच राइट फिल्डला, म्हणजे मैदानाच्या दूरच्या उजव्या भागात, उभी राहते. अशा दूरच्या भागाला, म्हणजे आउटफिल्डला, खोल खिशाचा, मोठा ग्लव्ह लागतो. परंतु सर्वात मोठा आणि महागडा ग्लव्ह मी मागत असतानाही मालकांनी तिच्या तळव्याला पेलेल असा १२ इंची भारतीय बनावटीचा ग्लव्ह दिला. चामडे सुरुवातीला कडक होते, आता घडी नीट बसते. सामन्यानंतर आपला ग्लव्ह स्वतः पुसून तेल लावण्याची इचिरोची शिस्त त्यांनी तिला सांगितली आणि तेल किती थोडे लावायचे तेही करून दाखवले. आउटफिल्डसाठी सलग १० वर्षे गोल्ड ग्लव्ह हा क्षेत्ररक्षणाचा पुरस्कार मिळवणाऱ्या खेळाडूची ही सवय तिने लगेच उचलली.

उणिवाही आहेत. डाव्या हाताने फेकणाऱ्यांसाठी ग्लव्ह क्वचितच असतात, लाकडी बॅट मागवावी लागते आणि शनिवारी संध्याकाळी क्रिकेटच्या गिऱ्हाइकांमुळे मालकांना बोलायला उसंत नसते. त्यामुळे पहिल्या खरेदीसाठी आठवड्याच्या मधल्या दिवशी, मुलाला सोबत घेऊनच जावे. ग्लव्हची तुटलेली वादीही ते माफक पैशांत बदलून देतात.