6,25,000 घालवून घेतलेलं कोयोट इंजिन, माझ्यासारखे फसू नका

शिव्या घालायच्या तर घाला, मी स्वतःला रोज घालतोच. कोब्रा या जुन्या स्पोर्ट्स कारची रेप्लिका, फायबर बॉडी, ट्यूबचा चेसिस, चार वर्षांची मेहनत. त्यात जुना कार्ब्युरेटरवाला व्ही8, म्हणजे आठ सिलिंडरवाला, असता तर मी डोळे मिटून बसवला असता, पण खूळ शिरलं डोक्यात, फोर्डचं 5 लिटर कोयोटच पाहिजे, तेही 2018 नंतरचं, फोर्डच्याच मस्टँग गाडीमध्ये 460 एचपी देणारं.

विकणारा गोडबोल्या. "ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर), वायरिंग, पेडल सगळं देतो, बसवा आणि चावी फिरवा." टोकन 1,50,000, माल निघताना 3,90,000, वर ट्यूनिंगचे म्हणून 85,000. घरी हा आकडा अजून पूर्ण सांगितलेला नाही.

आता ऐका. 2018 नंतरच्या कोयोटला प्रत्येक सिलिंडरला पेट्रोल फवारणारे दोन इंजेक्टर असतात, एक पोर्टमध्ये (सिलिंडरकडे हवा जाते त्या वाटेत), एक थेट सिलिंडरमध्ये, म्हणजे एकूण सोळा, आणि त्यासाठी हाय प्रेशर पंप इंजिनवरच असतो. माझ्या इंजिनवर पंप नव्हता. इंजेक्टर आठच. मी मोजले होते हो! मोजले आणि स्वतःचीच समजूत घातली की उरलेले आत कुठेतरी असतील. वायरिंग तर कनेक्टर सोडवून काढलेलंच नव्हतं, सरळ कटरने तोडलेलं. ज्याला इंजिन चालू करून द्यायचंय तो वायरी कशाला तोडेल? हे मला तेव्हाच खटकलं, फोन केला, तो म्हणाला नवीन हार्नेस, म्हणजे वायरिंगचा सगळा जुडगा, मागून येतोय, आणि मी "बरं" म्हणालो. ते 85,000 मी त्या "बरं"नंतर पाठवलेत.

मी काही अडाणी नाही. जुन्या इंजिनांच्या डिस्ट्रिब्युटरचं (स्पार्क वाटणाऱ्या भागाचं) टायमिंग कानाने लावणारा माणूस आहे. पण यात अॅक्सिलरेटरची केबलच नसते, पेडलसुद्धा इलेक्ट्रॉनिक, ते ईसीयूशी जुळणारंच लागतं. पेडल आलंच नाही. ईसीयू आला तो इमोबिलायझरने (मूळ चावीशिवाय इंजिन चालू होऊ न देणाऱ्या चोरीविरोधी यंत्रणेने) लॉक, चावी नाही, आणि ज्या गाडीचं हे इंजिन, तिचा चेसिस नंबर मागितला तर म्हणे कागद इन्शुरन्सवाल्यांकडे. चेसिस नंबर मिळत नसेल तर तिथेच उठा. शेवटी एका जाणकाराला दाखवलं, त्याने पाच मिनिटांत सांगितलं, इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत घेणाऱ्या भागात, 2015 पासून येणारे फ्लॅपसुद्धा (छोट्या झडपा) नाहीत, हे 2011 ते 14 मधलं इंजिन आहे.

परत करायला गेलो तर विकणारा म्हणतो इंजिन धरणारे माऊंट वेल्ड केलेत ना, मग माल स्वीकारला! त्यामुळे सगळं तपासल्याशिवाय वेल्डिंगला हात लावू नका.

पोलिसांकडे गेलो. पहिल्या दिवशी साहेब नाहीत, दुसऱ्या दिवशी "इंजिन मिळालंय ना तुम्हाला? मग फसवणूक कसली, हा दिवाणी मामला." मी फोटो दाखवून पंप समजावतोय आणि ते विचारतात, पंप वेगळा विकत मिळत नाही का. तिसऱ्या खेपेला अर्ज घेतला, पोच दिली नाही. बँक म्हणते तुम्हीच ओटीपी टाकून पाठवलेत, आम्ही काय करणार. ग्राहक तक्रारीत तो व्यापारी असल्याचा पुरावा मागतात, पावती तर साध्या कागदावर. पावतीवर इंजिनचं वर्ष लिहून घ्या, माझ्या पावतीवर फक्त "व्ही8 इंजिन सेट" आहे.

आणि चालू इंजिनच्या व्हिडिओवर जाऊ नका, मला पाठवलेल्या 22 सेकंदांत इंजिन नंबर एकदाही दिसत नाही. त्याची जाहिरात अजून चालू आहे, तोच व्हिडिओ, निळी ताडपत्री अंथरलेला. फक्त आता वर्ष 2020 लिहिलंय.