मांजराची शुगर आणि अर्ध्या युनिटची रेघ: हिवाळ्यापासूनचा घरगुती अनुभव

हा अनुभव मी मे महिन्यात लिहायला घेतला तेव्हा डोक्यात नुसता राग होता. नवतपा (मेअखेरचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस) लागलेला, वरचा स्लॅब रात्रीही तापलेला, वीज गेल्यामुळे कूलर बंद, आणि ग्लुकोमीटरमध्ये पट्टी घातली की आकड्याऐवजी थर्मामीटरचं चिन्ह. माझ्या मांजराच्या, खंडूच्या कानावर रक्ताचा थेंब आलेला, वाटीत जेवण काढलेलं, पण आकडा काही येईना. रीडिंग घेतल्याशिवाय इन्सुलिन टोचायचं नाही अशी आमच्या डॉक्टरांची सक्त ताकीद आहे. पट्ट्या वाया गेल्या त्या गेल्याच, इंजेक्शनची वेळही टळली.

दुसऱ्या दिवशी मीटरच्या कंपनीला फोन लावला. "पेशंटचं वय?" "दहा वर्षं. मांजर आहे." तिथून पुढे त्या मुलीचं एकच पालुपद, "मॅडम, प्राण्यांसाठी वापरलं तर वॉरंटी लागू होत नाही." माझं म्हणणं साधं होतं. मीटरला रक्त माणसाचं की मांजराचं हे कळायच्या आधीच तो बंद पडतोय. खोली तापली म्हणून बंद पडतोय. खोलीत माणूस असता तरी हेच झालं असतं. माझ्या मीटरच्या पुस्तिकेत चाळीस अंशांची मर्यादा बारीक अक्षरात छापलेली आहे, खोक्यावर कुठेही नाही. जिथे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो त्या नागपुरात ही वस्तू विकता, तर खोक्यावर ठळक छापा. वाया गेलेल्या पट्ट्या त्यांनी बदलून दिल्या नाहीत. एक पट्टी वीस रुपयांच्या आसपास पडते आणि आमच्याकडे दिवसाला निदान दोन लागतात, त्यामुळे हा राग फुकटचा नव्हता.

थोडी पार्श्वभूमी. खंडू नसबंदी झालेला बोका, चांगला साडेसहा किलोचा होता. दिवाळीनंतर पाण्याचं भांडं दिवसातून दोनदा भरावं लागायला लागलं, लिटरमध्ये (मांजराच्या शी-शूच्या डब्यातल्या वाळूत) लघवीचे मोठाले गोळे यायला लागले, खाणं वाढलं आणि वजन मात्र उतरलं. मग मागचे पाय टाचेपर्यंत जमिनीला टेकवून चालायला लागला. वाढलेल्या शुगरने नसांवर परिणाम झाला की मांजरं अशी चालतात. दवाखान्यात रक्तातली साखर चारशेच्या वर निघाली. नुसत्या भीतीनेही मांजराची शुगर चढते, म्हणून डॉक्टरांनी फ्रुक्टोसामीन करून घेतलं. त्यातून मागच्या एकदोन आठवड्यांची सरासरी कळते. तेही वाढलेलं. लघवीत कीटोन (साखर वापरता येईना की शरीर चरबी जाळतं, त्यातून बनणारे पदार्थ, वाढले तर जिवावर बेततं) नव्हते, हे आमचं नशीब. शेजारच्या काकू म्हणाल्या, "मांजराले कायची शुगर, बाई? गोड तर खात नाही ते." गोडाचा संबंध नाहीच. लठ्ठपणा, वय, घरात बसून राहणं, कोरडं खाणं, कधी स्टेरॉइडची औषधं, यातून हे होतं आणि बोक्यांमध्ये जास्त होतं.

इन्सुलिन ग्लार्जिन, दर बारा तासांनी एक युनिट, अशी सुरुवात झाली. आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसले त्या गोष्टीवर येते. ती म्हणजे सिरिंज.

आपल्याकडे माणसांचं नेहमीचं इन्सुलिन कुपीत ४० युनिट प्रति मिली असं मिळतं आणि त्याची सिरिंज लाल टोपणाची असते. ग्लार्जिन १०० युनिट प्रति मिली असतं, त्याची सिरिंज केशरी टोपणाची. ग्लार्जिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये एका युनिटच्या रेघेपर्यंत भरलं तर प्रत्यक्षात अडीच युनिट जातं. माणसाला वीस युनिट लागतात तिथे हा घोळ वाईटच, पण एका युनिटवर असलेल्या पाच किलोच्या जिवाला तो प्राणघातक ठरू शकतो. आमच्या घरी धोका दुप्पट होता, कारण सासूबाई स्वतः चाळीसवाल्या इन्सुलिनवर आहेत. म्हणजे एकाच फ्रिजच्या दारात दोन ताकदींची इन्सुलिनं. पहिल्याच दिवशी मी खंडूचं सामान वेगळ्या डब्यात घातलं, त्यावर मार्करने मोठ्ठा केशरी गोल काढला आणि तो डबा भाजीच्या कप्प्यावर ठेवला. आईंचं दारातच राहिलं. आईंनाही दाखवून ठेवलं. त्या म्हणाल्या, "मांजराचं मला नको आणि माझं त्याला नको, एवढं मला कळतं गं."

चौकातल्या मेडिकलमध्ये डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली तरी भाऊंनी आधी लाल टोपणाचीच पुढे केली. "ताई, सगळे हीच नेतात." मी काउंटरवरच परत केली. मग केशरी आली, पण ती एक मिलीची. तिच्यावर दोन-दोन युनिटला एक रेघ. एक युनिट म्हणजे पहिल्या रेघेच्या निम्म्यावर अंदाजाने धरायचं. अर्ध्या मिलीचीवर एकेका युनिटला रेघ असते, ते जरा बरं. पण मांजराचा डोस अर्ध्या अर्ध्या युनिटने वाढवतात आणि कमी करतात. त्यासाठी ०.३ मिलीची, अर्ध्या युनिटच्या रेघा असलेली सिरिंज लागते. इथे सगळ्यात जास्त फसायला होतं, कारण ०.३ मिलीच्या सिरिंजाही दोन तऱ्हेच्या येतात. एकीवर फक्त पूर्ण युनिटच्या रेघा, दुसरीवर अर्ध्याच्याही. खोकं दिसायला सारखंच. रेघा मोजल्याशिवाय कळत नाही.

दुकानदारांचं उत्तर सगळीकडे एकच, "अर्ध्याने काय फरक पडतो?" एका युनिटवरून अर्ध्या युनिटवर येणं म्हणजे औषध निम्म्यावर येणं! अर्धं युनिट म्हणजे ०.००५ मिली. डोळ्यांच्या अंदाजाने एवढं औषध रोज सकाळ-संध्याकाळ सारखं भरणं कोणालाही शक्य नाही. शेवटी गंजीपेठेतल्या दवाबाजारात एकाने मागवून द्यायचं कबूल केलं, मात्र पूर्ण खोक्याच्या बोलीवर. खोकं घेतलं. ३१ गेजची, ८ मिमीची सुई. केसांतून नीट आत जाते आणि खंडूला टोचल्याचं कळतही नाही. खाली मान घालून खात असतो, मी पाठीवरची कातडी चिमटीत धरते, काम झालं. एकेक सिरिंज महाग पडते, म्हणून पुन्हा वापरायचा सल्ला बरेच देतात. मी वापरत नाही. एकदा टोचलेली सुई बोथट होते, आणि तीच सुई परत इन्सुलिनच्या काडतुसात घातली की औषध बिघडायची भीती. वापरलेल्या सिरिंजा जाड प्लॅस्टिकच्या बरणीत जमवून दवाखान्यात नेऊन देते.

जे पैसे वाचवले ते इन्सुलिनवर. दहा मिलीची कुपी घेऊ नका. दिवसाला दोन युनिट म्हणजे अठ्ठावीस दिवसांत छप्पन्न युनिट, अर्ध्या मिलीपेक्षा थोडं जास्त. उघडल्यावर अठ्ठावीस दिवसांची मुदत छापलेली असते, म्हणजे उरलेल्या साडेनऊ मिलीचा विचार डोक्यात घोळत राहतो. तीन मिलीचं पेनचं काडतूस सुटं मिळतं, त्यातून सिरिंजने काढायचं, आत हवा भरायची नाही. तयार पेनने थेट देऊ नका, नेहमीच्या पेनची पायरी एका युनिटची असते. म्हणजे फिरून अर्ध्या युनिटचाच प्रश्न! ग्लार्जिन हलवायचं नाही, पातळ करायचं नाही, गढूळ दिसलं तर टाकायचं. उघडलेलं इन्सुलिन तीस अंशांच्या आत बाहेर ठेवलं तरी चालतं असं पत्रकावर असतं. नागपुरात मार्च ते जून ते वाक्य विसरून जा, फ्रिजमध्येच ठेवा, फक्त फ्रीझरला टेकू देऊ नका.

मीटरबद्दल. माणसांचा मीटर मांजराची शुगर खऱ्यापेक्षा कमी दाखवतो, कारण मांजराच्या रक्तात साखर पेशी आणि पाणी यांत वेगळ्या प्रमाणात वाटलेली असते. डॉक्टरांनी एकदा लॅबच्या नमुन्याशी ताडून पाहिलं तेव्हा लॅबचे ३८० आणि आमच्या मीटरचे ३१५ होते. प्राण्यांसाठीचा खास मीटर मिळतो, त्यात मांजर की कुत्रा ते निवडता येतं. पण त्याच्या पट्ट्यांचा भाव बघून मी हिवाळ्यात ठामपणे लिहून ठेवलं होतं की माणसांचाच घ्या. सतत एकच मीटर वापरला तर चढ-उतार कळतो, आणि डॉक्टर त्या मीटरच्या हिशोबानेच आकडे सांगतात.

कान टोचायचं तंत्र आठवड्याभरात बसतं. कानाच्या कडेची बारीक शीर, तिच्याशेजारी लॅन्सेट, मागून कापसाची घडी म्हणजे आपलं बोट वाचतं. जानेवारीत कान गार पडून रक्तच येत नसे, तेव्हा मोज्यात तांदूळ भरून तो गरम करून कानाला लावायचे. मेमध्ये टोचताक्षणी थेंब. कानाला उन्हाळा मानवतो, मीटरला मानवत नाही.

एक फुकटचा मीटर प्रत्येकाच्या घरात आहे, तो म्हणजे लिटरचा डबा. मांजराच्या रक्तातली साखर साधारण २५० ते २७० च्या वर गेली की ती लघवीत उतरते आणि पाणी ओढून नेते. स्वयंपाकघरातल्या जुन्या वजनकाट्यावर मी लघवीचे गोळे पिशवीत घालून तोलते आणि पाणी मापूनच ठेवते. कान टोचायच्या आधीच मला दिवस कसा गेला ते समजतं. घरच्यांना हे विचित्र वाटतं, वाटू दे.

जुलैतली भर

वरचा काही भाग बदलावा लागतोय.

आधी मीटरच्या उष्णतेचं. उपाय मिळाला. मीटर आणि पट्ट्यांची बाटली घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात घालून माठाच्या तिवईखाली, ओल लागणार नाही अशी ठेवली. नवतप्याचे उरलेले दिवस एकही पट्टी वाया गेली नाही. पट्ट्या फ्रिजमध्ये ठेवू नका, बाहेर काढल्यावर दव धरतं. कूलरच्या झोतातही उघडू नका. त्या ओलसर हवेने पट्टी खराब होते, म्हणून पट्टी काढली की झाकण त्याच क्षणी बंद. कंपनीवरचा राग कायम आहे, मीटरवरचा गेला.

त्याचं कारण असं. मेपर्यंत खंडू दोन युनिटवर गेला होता. तोवर मी कोरडं खाणं पूर्ण बंद केलं होतं. पाकिटावर कार्बोहायड्रेट लिहिलेलं नसतं, ते काढावं लागतं. शंभरातून प्रथिनं, चरबी, ओलावा, तंतू आणि राख (म्हणजे खनिजं) वजा केली की जे उरतं ते. राख छापलेली नसेल तर ओल्या खाण्यात दोन-अडीच धरते. घट्ट ग्रेव्हीच्या पाऊचमध्ये पुष्कळदा स्टार्च असतो, म्हणून घटकांची यादी वाचूनच घेते. नुसतं उकडलेलं चिकन देऊन भागत नाही, त्यात कॅल्शियम पुरेसं नसतं आणि शिजवण्यात टॉरीनही (मांजराला खाण्यातून मिळावंच लागणारं पोषकद्रव्य) कमी होतं. ते मी फक्त वरून घालते. खाण्यातला बदल डॉक्टरांना सांगून, हळूहळू केला, कारण कार्ब कमी झालं की त्याच इन्सुलिनने शुगर जास्त खाली येते.

तसंच झालं. दीड, मग एक. जूनच्या अखेरीस एका दुपारी खंडू पलंगावरून उतरताना लडखडला. मीटरवर ५६. मध बोटावर घेऊन हिरड्यांना चोळला, मग खायला दिलं, डॉक्टरांना फोन केला आणि पुढचे काही तास मोजत बसले. ८१, ९८, १२०. संध्याकाळचं इंजेक्शन टाळलं, दुसऱ्या दिवसापासून अर्धं युनिट. हा मीटर कमीच दाखवतो, त्यामुळे खरा आकडा थोडा वर असेलही, पण लडखडणारं मांजर समोर असताना कमी दाखवणारा मीटर मला चालेल. जास्त दाखवणारा चालणार नाही. त्या दुपारी वापरलेल्या पट्ट्यांचा हिशोब मी केलेला नाही.

आणि अर्ध्या युनिटची सिरिंज घरात नसती तर? डॉक्टर "अर्धं करा" म्हणाल्या तेव्हा मी फक्त वरच्या रेघेवरून खालच्या रेघेवर आले. एक मिलीची सिरिंज असती तर पहिल्या रेघेचा चौथा भाग नजरेने धरायचा, तोही आदल्या दिवशी शुगर खाली गेलेल्या मांजरासाठी. हिवाळ्यात खोकंभर सिरिंजांचे पैसे देताना हात अडखळला होता. आता सांगते, मीटर स्वस्तातला घ्या, लॅन्सेट स्वस्तातले घ्या, लिटर स्वस्तातलं घ्या, पण सिरिंजेवर एक रुपयाही वाचवू नका. दुकानात खोकं उघडायला लावा आणि शून्यापासून पाचपर्यंत रेघा मोजा. दहा भाग असतील तरच पैसे द्या.

खास प्राण्यांच्या मीटरबद्दलचं मतही थोडं बदललंय. शुगर खाली उतरायला लागली की आकड्याचा नेमकेपणा जास्त लागतो. परवडत असेल आणि पट्ट्या नियमित मिळत असतील तर तो घ्या. मी अजून घेतलेला नाही.

बरेच जण विचारतात, गोळी नाही का? अमेरिकेत २०२२ मध्ये बेक्साग्लिफ्लोझिनला आणि २०२३ मध्ये व्हेलाग्लिफ्लोझिनला मांजरांसाठी मान्यता मिळाली. पण ती औषधं आधी इन्सुलिनवर असलेल्या मांजरांसाठी नाहीत, आणि त्यांच्यात साखर फार चढलेली नसतानाही कीटोन वाढायचा धोका असतो. खंडूचा प्रश्न तिथेच मिटला. ज्यांचं निदान आत्ताच झालंय त्यांनी डॉक्टरांशी बोलावं, सेमिनरी हिल्सवर पशुवैद्यकीय महाविद्यालयही आहे.

सध्या खंडूची इंजेक्शनआधीची रीडिंग १३० च्या आसपास येतात, टाचा जमिनीपासून उचलल्या गेल्यात, पाण्याचं भांडं दिवसभर पुरतं. असंच राहिलं तर डॉक्टर इन्सुलिन थांबवून बघणार आहेत. काही मांजरांना मग ते लागत नाही, पण पुढे शुगर परतही येते, त्यामुळे थांबलं तरी कान अधूनमधून टोचावाच लागेल. पट्ट्यांची बाटली उघडल्यावर ठरावीक महिनेच चालते. रोजच्या दोनऐवजी आठवड्याला एकदोन लागणार असतील तर पन्नासची बाटली परवडत नाही, म्हणून या वेळी एक्स्पायरी बघून पंचवीसचीच घेतली.